काप क्रमांक वीस

ओहोटी लागून दीड तास झाला
की दिवा कोळीवाड्यापुढे खाडी आपलं पोट उघडं टाकते.
हासुराम मढवी होडी तिवराला बांधतो, म्हणतो,
म्याडम, चपला काढा, ह्यो चिखोल चपला परत देत नाय.

मांडीपर्यंत रुतून आम्ही पाईप उभा करतो,
मीटरभर, रबाळ्याच्या दुकानातला,
पावतीवर ‘प्लंबिंग’ लिहिलेला.
वर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर हासुरामचं वजन.
मग बूच मारायचं, हवा कोंडायची
आणि अडलेलं वासरू ओढावं तसं ओढायचं.
सुटताना खाडी असा काही आवाज करते
की आम्ही दोघंही दुसरीकडे बघतो.

पाईपात गाळ, उभाच्या उभा.
वरची चार बोटं तपकिरी, अजून जिती:
किड्याचं बीळ, एक शिंपला, गुटख्याच्या पुडीचा कोपरा.
त्याखाली काळं.
त्याखाली काळंच.
अगदी तळाला राखाडी, लोण्यासारखं,
ज्याला कसलाच वास नाही.

प्रयोगशाळेत दोन-दोन सेंटिमीटरचे काप.
सुरी प्लास्टिकची, कारण स्टीलच्या अंगात स्वतःचं क्रोमियम असतं;
मोजणाऱ्यानं आपलं काही मिसळू नये,
हा पहिल्याच दिवशीचा धडा.
वाळवायचं, खलायचं, चाळायचं, मैद्यासारखं होईस्तो,
मग नायट्रिक आम्लात उकळायचं, तांबूस धूर विरेपर्यंत.
ज्वाळेपुढे धरलं की यंत्र आकडा सांगतं.

तळाचा गाळ म्हणजे आमचं शून्य.
तसा धातू त्यातही आहे, डोंगरानं झिजून दिलेला,
पण त्याची कुणाकडे तक्रार करणार?
बाकीचं सगळं त्याच्या पटीत.

वर्षाला सेंटिमीटरभर साचतं, असं धरून चाललो तर
काप क्रमांक वीस, अडतीस ते चाळीस,
इथून क्रोमियमची रेघ उठते
आणि शिसं तिचं बोट धरून.
दोघं एकत्र म्हणजे पिवळा रंग. हे पुस्तकात आहे.

पुस्तकात नाही ते हे
की त्याच साली बाबा रंगाच्या कारखान्यात लागले.
टाचांच्या भेगा पिवळ्याधमक.
आई म्हणायची, रोज संध्याकाळी घरात नवरदेव येतो,
हळदीच्या पायांनी.
रात्रपाळी संपताना टाकी धुवायची, नाल्याकडची झडप सोडायची.
कोण सोडायचं, मी कधी विचारलं नाही.

सोळाव्या कापात मी जन्मले.
बाराव्यात तिसरीची फी, लाल सायकल.
आठव्यात रसायनशास्त्राचा क्लास, रोख भरलेला.
पाचव्यात रेघ झपकन खाली येते,
अहवालात त्याला ‘सुधारणा’ म्हणायचं.
घरी त्या वर्षाला आम्ही अजून नाव दिलेलं नाही.
बाबा बिल्डिंगखाली खुर्ची टाकून बसायचे,
येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ सांगायचे.

काप वीस मी तीनदा मोजला.
तीनदा तोच.

हासुरामचा फोन येतो.
म्याडम, आकडं ठेवा तुमच्याकडं,
निवट्या खायाच्या का नाय, येवढाच सांगा.
माझ्यासमोर तक्ता असतो.
एका रकान्यात ‘अपाय संभवतो’, दुसऱ्यात ‘अपाय बहुधा होतो’,
आमची खाडी दोन्हींच्या मधल्या रेघेवर.
निवट्यांना रकाना नाही.
मी म्हणते, धातू गाळाला चिकटून असतो, गंधकाशी बांधलेला,
कुणी ढवळलं नाही तर…
पलीकडून पुलाच्या खांबाचं ड्रिलिंग ऐकू येत राहतं.

तो थोडा थांबतो.
तुमी तं खाल्लाव ना त्या दिवशी?

हो. होडीतच, त्याच्या डब्यातलं,
कोकम घातलेलं कालवण, चिखलाच्या हातांनी,
बोटं चाटून.
नमुन्यांच्या वहीत मी अक्षांश लिहिले, रेखांश लिहिले,
ओहोटीची वेळ लिहिली.